कागद, रबर आणि एक जुनी चेतक

जुनी स्कूटर विकणाऱ्याचं एक वाक्य ठरलेलं असतं. "इंजिन एक नंबर आहे, फक्त बारीकसारीक काम आहे." आणि गंमत अशी, की इंजिनाबद्दल तो बहुतेक वेळा खरं बोलत असतो. टू-स्ट्रोक चेतकच्या इंजिनात बिघडण्यासारखं आहेच किती? एक पिस्टन, एक क्रँक, चार गिअर. गाडी आडोशाला उभी असेल तर लोखंड वर्षानुवर्षं तग धरतं. सडतं ते रबर, आणि सडतात ते कागद. 'बारीकसारीक' म्हणतात ते हेच, आणि पैसे, वेळ, डोकं सगळं तिथेच जातं.

मला चेतकच हवी होती. त्यामागे हळवं कारण काही नाही. घरी हात काळे करून गाडीचं काम शिकायचं होतं, आणि शिकायला याहून सोपी गाडी मला माहीत नाही. पियाजिओबरोबरचा व्हेस्पाचा करार १९७१ मध्ये संपला, १९७२ मध्ये बजाजने चेतक आणली आणि पुढची तीसेक वर्षं तिचा मूळ सांगाडा फारसा बदललाच नाही. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघण्याइतकी तिला मागणी होती. एवढ्या गाड्या रस्त्यावर उतरल्या, म्हणून तर केबल, पॅकिंग, पॉइंट, ब्रेक शू असला माल आजही पुण्याच्या नाना पेठेत सहज मिळतो. फक्त मागताना "जुनी, किकवाली" असं सांगावं लागतं, कारण २०२० मध्ये इलेक्ट्रिक चेतक बाजारात आल्यापासून काउंटरवरची तरुण पोरं चेतक म्हटलं की तीच धरतात.

गाडी मिळाली निगडीत, एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये. विकणारे गृहस्थ पन्नाशीचे, गाडी त्यांच्या वडिलांची, १९८८ची. पंधरा हजार सांगत होते. मी जाताना पिशवीत एक छोटं लोहचुंबक, टॉर्च आणि प्लगपाना घेऊन गेले होते. ते बघून त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतःच बघणार? मिस्त्री नाही आणला?"

पायाखालचं रबरी मॅट उचलून मी चुंबक पत्र्यावरून फिरवलं. चुंबकाला रुमाल गुंडाळलेला, म्हणजे रंगाला ओरखडा पडत नाही. चेतकला वेगळी चॅसिस नसते, अख्खी बॉडी म्हणजेच सांगाडा. त्यामुळे पायाखालचा पत्रा कुजला तर तो दिसण्यापुरता प्रश्न राहत नाही. रंगाऱ्याने गंजावर लांबी (पुटी) भरून वरून झकास रंग मारलेला असला तर डोळ्यांना काही कळत नाही, पण चुंबक तिथे चिकटत नाही. मागच्या ब्रेकच्या पेडलपाशी तळहाताएवढ्या जागेवर चुंबक घसरला, बाकी सगळीकडे घट्ट बसला. तेवढं चालण्यासारखं होतं. मग प्लग काढून किक हलकेच दाबली, इंजिन फिरलं. प्लग परत लावून दाबली तर किक पायाला विरोध करत होती. म्हणजे पिस्टन जॅम नाही आणि कॉम्प्रेशन आहे. इंजिनाची परीक्षा माझ्या लेखी एवढ्यावर संपली. गाडी चालू होते का, हे मी विचारलंसुद्धा नाही. इतकी वर्षं उभी असलेली गाडी तिथेच किका मारून चालू करायला जाणं म्हणजे टाकीतला गंज आपल्या हाताने कार्बोरेटरमध्ये ढकलणं.

खरा घोळ होता आरसीत. पुस्तक वडिलांच्या नावावर, आणि वडील वारलेले. त्यातून मुदत २०१८ मध्ये संपलेली. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं आणि पुढे दर पाच वर्षांनी ते वाढवावं लागतं. वडिलांनी ते २००३, २००८ आणि २०१३ मध्ये न चुकता करून घेतलं होतं, त्यांचे शिक्के पुस्तकात होते. नंतर गाडी उभीच. अशा गाडीच्या कोऱ्या फॉर्मवर वारसाची सही घेऊन ती थेट स्वतःच्या नावावर करता येत नाही. आधी वारसाच्या नावावर यावी लागते, त्याचा फॉर्म ३१. मग त्याच्याकडून आपल्याकडे, फॉर्म २९ आणि ३०. मुदत वाढवायची तर फॉर्म २५, आणि त्यासाठी गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते. शिवाय इतक्या जुन्या तीन अक्षरी नंबरच्या गाडीची नोंद बऱ्याचदा कॉम्प्युटरवर चढलेलीच नसते, जुन्या रजिस्टरवरून चढवून घ्यावी लागते. ती नाही तोवर ऑनलाइन काहीच पुढे सरकत नाही.

मी त्यांना सरळ सांगितलं, "काका, नऊ देते. दोन आत्ता, बाकीचे गाडी तुमच्या नावावर झाल्यावर." ते जरा रागावले. अहो, एवढा विश्वास नाही का, वगैरे. पण मृत्यूचा दाखला, बाकीच्या भावंडांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र ही कागदपत्रं त्यांनाच जमवता येणार होती. पूर्ण पैसे हातात पडल्यावर कोण कोणासाठी आरटीओत रांग लावतो? त्यांच्या पत्नीनेच शेवटी "अहो, बरोबर बोलतायत त्या" म्हणून तोडगा काढला. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर किती बसेल, याची चौकशी मी आधीच करून ठेवली होती. पंधरा हजारांवरून नऊवर येण्याचं तेच खरं कारण. जुन्या गाडीचा भाव करताना लोक टायर आणि रंगाकडे बोट दाखवतात. बोट आरसीच्या तारखेकडे दाखवावं.

कागद त्यांच्या बाजूने हलू लागले आणि गाडी छोट्या टेम्पोतून आमच्या पार्किंगमध्ये आली. विमा नाही, पासिंग नाही, तेव्हा चालवत आणण्याचा प्रश्नच नव्हता. इथून पुढे घरचं काम.

हत्यारांचं आधी सांगते. हल्लीच्या तयार संचांत दहा, बारा, चौदा हे पाने हमखास असतात. चेतकला सतत लागतो अकराचा आणि तेराचा. ते दोन चांगल्या प्रतीचे घ्यावेत. त्याशिवाय प्लगपाना, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), मॅग्नेट पुलर (इंजिनाच्या शाफ्टवरचं चुंबकी चाक, म्हणजे मॅग्नेट, ओढून काढायचं हत्यार), रुंद तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर आणि भरपूर जुने सुती कपडे. मॅग्नेट पुलर हा चेतकचाच हवा, दुसऱ्या गाडीचा आट्यांना बसत नाही.

सुरुवात टाकीपासून. सीट काढली, टाकीचे बोल्ट सोडले आणि टाकी उचलायला गेले तर ती अर्धवट वर येऊन अडकली. पेट्रोलच्या कॉकचा दांडा बॉडीतून बाहेर आलेला असतो. त्याला आतल्या बाजूला एक इवलीशी पिन असते, ती काढल्याशिवाय टाकी निघत नाही. जोर लावला की कॉकच तुटायचा. पिन पकडीने सरळ करून ओढली आणि टाकी हातात आली. झाकण उघडलं तर आत पेट्रोलचा वासच नाही, जुन्या वार्निशचा उग्र वास. तळाला तांबडा चिखल. तो ओतून टाकला, आत मूठभर नटबोल्ट टाकून टाकी खुळखुळवली, मग व्हिनेगर भरून रात्रभर ठेवली. सकाळी निघालेलं पाणी चहापेक्षा गडद होतं. पुन्हा नटबोल्ट, पुन्हा व्हिनेगर. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून, हेअर ड्रायरने पार कोरडी करून आतून थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्ये मिसळतात ते) फिरवलं. हे ऑइल विसरलं तर उघडा पडलेला पत्रा दोन दिवसांत पुन्हा गंजतो. कॉक नवाच टाकला. त्यातली रबरी चकती चुरा होऊन हातात आली होती.

कार्बोरेटर उजवीकडच्या फुगीर कव्हरखाली, इंजिनाच्या डोक्यावर एका पत्र्याच्या डब्यात बसलेला असतो. वरचं झाकण काढलं की एअर फिल्टर, तो काढला की खाली दोन लांब बोल्ट. ते सोडले, चोकची आणि एक्सिलेटरची जोडणी सोडवली, की कार्बोरेटर बाहेर. पेट्रोल आत येतं तिथे एक बारीक जाळी असते. गॅरेजमध्ये गाडी टाकली तर ही जाळी कोणी साफ करताना मी आजवर पाहिलेलं नाही. ती पूर्ण बुजलेली होती. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळ्या, काढून उजेडाकडे धरले. मेन जेटमधून सुईच्या टोकाएवढा प्रकाश दिसत होता, स्लो जेट आंधळा. यात तार घालायचा मोह होतो, पण जेट पितळेचा असतो आणि स्टीलच्या तारेने भोक किंचित मोठं झालं तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते. क्लीनरमध्ये भिजत घातले, टूथब्रशचा एक केस काढून तो आरपार नेला आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची पिन टोकाला झिजून कड पडलेली. ती आणि पूर्ण पॅकिंग किट नवं.

पेट्रोलची नळी हा वेगळा विषय आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. १९८८ च्या गाडीचं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. जुनी नळी फुगते, मऊ पडते आणि आतून तिचे कण सुटतात. ते जाऊन बसतात त्याच जाळीत. म्हणून नळी इथेनॉल चालणारी मागून घेतली आणि नेमकी तेवढीच लांब कापली. जास्त लांब ठेवली तर टाकी बसवताना तिला घडी पडते आणि मग गाडी चढावर पेट्रोल मागते.

आता करंट. प्लग काढून त्याची बॉडी हेडला टेकवली, किक मारली. काही नाही. नवा प्लग, तेच. या टप्प्यावर बहुतेक लोक कॉइल बदलतात, कारण ती बाहेरच दिसते आणि दोन स्क्रूंत निघते. मी पंख्याचं कव्हर काढलं. मॅग्नेटला एक खिडकी असते. ते हाताने फिरवत खिडकी पॉइंटवर, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचवर, आणायची आणि टॉर्च मारायची. पॉइंटची दोन्ही तोंडं काळीनिळी पडली होती. बारीक पॉलिश पेपर दुमडून मधून फिरवला, मग पेट्रोलने ओला केलेला कागद फिरवला, पॉइंट जास्तीत जास्त उघडतो त्या जागी मॅग्नेट थांबवून फिलर गेजने ०.४ मिलिमीटरचं अंतर धरलं आणि स्क्रू आवळला. स्क्रू आवळताना अंतर हमखास हलतं, त्यामुळे परत मोजणं आलंच. किक मारली. अजूनही काही नाही.

इथे थांबून मी चहा घेतला आणि वायरिंगचा विचार केला. पॉइंटच्या गाडीत करंट बंद करणं म्हणजे कॉइलकडे जाणारी वायर बॉडीला टेकवणं, बंद करायचं बटण तेवढंच करतं. मग बटणाकडे जाणारी वायर वाटेत कुठे सोलून पत्र्याला लागली असेल, तर गाडीच्या दृष्टीने बटण कायमच दाबलेलं. इंजिनाशेजारच्या डबीतून ती एक वायर सोडवली, हवेत लोंबती ठेवली आणि किक मारली. प्लगवर ठिणगी! फिकट नारिंगी, कशीबशी, पण ठिणगी. वायर मागे मागे शोधत गेले तर मागच्या पत्र्याखाली उंदराने संसार थाटला होता. वायरीचं आवरण कुरतडलेलं आणि तांबं पत्र्याला टेकलेलं. उरलेल्या वायरींचं आवरणही बोटाने वाकवलं की तडकत होतं. सगळा वायरिंगचा संच नवा आणला. जुन्याशेजारी जमिनीवर पसरून, रंगाला रंग जुळवून एकेक वायर बदलली. मोबाइलवर आधी फोटो काढून ठेवले होते, त्यातले अर्धे उपयोगाचे नव्हते, कारण मळाखाली हिरवा, निळा आणि काळा एकच दिसतो.

फिकट ठिणगीचं कारण कंडेन्सर, म्हणजे पॉइंटला जोडलेली विजेची छोटी डबी. तो मॅग्नेटच्या मागच्या प्लेटवर असतो, म्हणून पुलर. मधला नट सोडायचा, पुलर आट्यांवर पूर्ण बसवायचा आणि मधला बोल्ट आवळत न्यायचा. एका क्षणी टक्‌ असा आवाज होतो आणि मॅग्नेट सुटतं. शाफ्टवर अर्धचंद्रासारखी एक छोटी चावी असते, ती या वेळी उडून जमिनीवर पडते, आणि पार्किंगच्या फरशीवर ती शोधणं हे वेगळंच काम होतं. मॅग्नेट निघालंच होतं तर मागचं ऑइल सीलही बदललं. हे सील कडक झालं की तिथून हवा आत जाते आणि गाडी एक्सिलेटर न देता आपोआप रेस होत राहते. लोक कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत बसतात. शेकडो रुपयांचंही सील नाही हे.

नाना पेठेत कंडेन्सर घेताना दुकानदार म्हणाले, "ताई, मिस्त्रीला पाठवा, डाग लावून बसवावा लागतो." मी म्हटलं, सोल्डरिंग गन आहे माझ्याकडे. त्यांनी एकदा माझ्या नखांकडे बघितलं, आत गेले आणि एका जुन्या डब्यातून दुसराच कंडेन्सर काढून आणला. "मग हा घ्या. तो नका घेऊ." दोन्हींत काय फरक होता ते मी विचारलं नाही. हा अजून चालू आहे.

नवा कंडेन्सर, नवा पॉइंट, आणि ठिणगी निळी, चटचट आवाज करणारी. पेट्रोल भरलं, लिटरला वीस मिलिलिटर टू-टी ऑइलच्या हिशोबाने. गिअर बॉक्सचं ऑइल बदललं. वरच्या भोकातून ते ओघळायला लागलं की भरणं थांबवायचं, मापाची गरज नाही.

चालू करायच्या वेळी तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. त्यांनी आयुष्यभर चेतक चालवलेली.

"अगं, आधी आडवी कर तिला."

"काका, टाकी निम्मी भरलीय. सगळं नवं आहे आत."

"असू दे. आडवी केल्याशिवाय चेतक चालू झालेली मी बघितली नाही."

आडवी करण्यामागे अर्थ आहे, पण तो ठरावीक वेळी. टाकीत तळाला थोडंच पेट्रोल उरलं असेल तर ते कॉकच्या बाजूला येतं, आणि फ्लोटची पिन चिकटली असेल तर हलण्याने सुटते. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. तरीही काकांसाठी मी ती आडवी केली. चोक ओढला, किक मारली. काही किकांनंतर एक ठसका, मग पुन्हा काही नाही, मग एकदम घर्रर्र. पार्किंगभर पांढरा धूर. टाकीला लावलेलं ऑइल जळत होतं, ते होणारच होतं. "बघ," काका म्हणाले.

पाचेक मिनिटं ती छान चालली आणि हळूहळू दम लागून बंद पडली. परत किक मारली तर चालू होईना. काका नसते तर मी कदाचित पुन्हा कार्बोरेटर काढला असता. ते म्हणाले, टाकीचं झाकण उघड. उघडलं तर हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज आला, आणि पहिल्या किकला गाडी चालू. झाकणाला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, ते मळाने बुजलं होतं. पेट्रोल खाली जातं पण वरून हवा येत नाही, मग पेट्रोलही थांबतं. पिनेने छिद्र मोकळं केलं.

क्लच हे उभ्या गाडीचं हमखास दुखणं. क्लच दाबून पहिला टाकला तर गाडीने उडी मारली आणि बंद पडली. इतक्या वर्षांत प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या. इंजिन गरम करून बंद केलं, चौथ्या गिअरमध्ये टाकून, क्लच पूर्ण दाबून, गाडी मागेपुढे रेटत राहिले. सुरुवातीला नुसतं इंजिन फिरत होतं, मग एकदा खट्‌ झालं आणि चाक मोकळं झालं. प्लेटा बदलायची गरज पडली नाही.

गिअरच्या केबल मात्र जिकिरीच्या. चेतकचे गिअर डाव्या मुठीत, तिथून दोन केबल मानेतून उतरून बॉडीच्या आतून थेट इंजिनापर्यंत. एक ओढते, दुसरी सोडते. आतली वायर ओढून काढायची, तिच्या जागी ग्रीस लावलेली नवी हळूहळू सारत न्यायची. बाहेरचं आवरण शाबूत असेल तर ते काढूच नये, नाहीतर मानेतून पुन्हा ओवताना दिवस जातो. पुढे जुळवणी. मुठीवरचा न्यूट्रल आणि इंजिनातला न्यूट्रल एकाच वेळी लागला पाहिजे. एका केबलला एक आटा दिला की दुसरीचा एक काढायचा. हे काम रागावून होत नाही.

टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे बघितले, आठवडा आणि वर्ष. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण टायर दहा वर्षांहून जुने, कडेला बारीक भेगा पडलेले. दोन्ही नवे, साडेतीन-दहाचे. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण यात माणसाला इजा होते. चेतकची रिम दोन भागांची असते, आणि ते भाग नटांनी जोडलेले असतात. चाक ड्रमवरून सोडायचे नट वेगळे, रिम उघडायचे नट वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना रिमचे नट कधीही सोडू नयेत. आधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्यायची, मग पाना लावायचा. ब्रेक शूही बदलले. जुन्या शूंच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असू शकतो, तेव्हा ड्रम फुंकून साफ करायचा नाही, ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्यायचं. पत्र्यातली ती तळहाताएवढी जागा मात्र मी वेल्डरकडून करून घेतली. पेट्रोलची टाकी असलेल्या गाडीजवळ घरी वेल्डिंग करण्याची हौस मला नाही.

तोवर गाडी काकांच्या, म्हणजे निगडीच्या काकांच्या, नावावर झाली होती. उरलेले सात दिले, फॉर्मवर सह्या झाल्या. थर्ड पार्टी विमा काढला. पीयूसीला थोडी धाकधूक होती. २००० च्या आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत चालतं. टू-स्ट्रोकला दुसरा आकडाच अवघड. गाडी चांगली गरम करून नेली, हवेचा स्क्रू आधीच जुळवला होता, सायलेन्सर काढून आतला कार्बन जाळून काढला होता. पास झाली. आरटीओत इन्स्पेक्टरांनी चॅसिस नंबर आरसीशी ताडून बघितला, ब्रेक, हॉर्न, दिवे बघितले आणि विचारलं, "मॉडेल कधीचं? विकायची आहे का?" १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावावी लागते. तीन अक्षरांच्या जुन्या नंबराची ती नवी चकचकीत प्लेट पत्र्यावर जरा विचित्रच दिसते.

आता गाडी रोज नाही, पण आठवड्यातून काही वेळा मंडईपर्यंत आणि क्वचित लोणावळ्याच्या दिशेने जाते. आठवडाभर उभी राहणार असेल तर घरापासून थोडं आधी कॉक बंद करते, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होऊन तिथे इथेनॉलचं पेट्रोल साचून राहत नाही. नवी नळी अजून कडक आहे, महिन्यातून एकदा बोटाने दाबून बघते. एक काम राहिलंय. तिसरा गिअर चढावर कधीकधी आपोआप सुटतो. बाहेरून केबल कितीही जुळवली तरी फरक नाही, म्हणजे आतला क्रॉस (गिअर पकडून ठेवणारा भाग) झिजलाय. नवा क्रॉस आणून ठेवलाय, पण त्यासाठी इंजिन उतरवून दोन भाग करावे लागतील. वरचे काका म्हणतात, दिवाळीनंतर करू, त्यांच्याकडे क्लच धरायचं जुनं हत्यार आहे. तोवर घाटात तिसऱ्यात मूठ दाबून धरते.